पहिलं पिल्लू गेलं, आता हिला कसं जपू?

*ताई, आम्ही राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतली मुलगी. गेल्या दिवाळीत मुलीनं एक मांजराचं पिल्लू आणलं होतं. आठ-दहा दिवस छान खेळलं, मग एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, खाणंपिणं सुटलं आणि दोन दिवसांत गेलं. दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही. मुलगी कितीतरी दिवस नीट जेवली नाही. तिला अजून वाटतं, आपल्याकडूनच काहीतरी चुकलं. आता पंधरा दिवसांपूर्वी ती भर पावसात रंकाळ्यावरून दुसरं पिल्लू घेऊन आली. भाटी आहे, दोनेक महिन्यांची असेल. सासूबाई म्हणतात, मांजराला कसली लस? आमच्या वाड्यात दहा-दहा मांजरं होती, दुधावर वाढली. त्या तिला दोन वेळा म्हशीचं दूध घालतात आणि तिचं पोट सारखं बिघडलेलं असतं. त्यात नव्यानं कापड घातलेल्या सोफ्याचा एक कोपरा तिनं ओरबाडून काढलाय. हे म्हणतात, तिची नखं काढून घ्या, नाहीतर तिला सोडून या. मुलीनं अजून तिचं नाव ठेवलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "आधी जगू दे." मी काय करू?*

*ता. क. : खेळताना मुलीच्या हातावर ओरखडे उठतात. मी हळद लावते.*

*— एक वाचक, कोल्हापूर*

तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट ताजा कलमात आली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. पिल्लाचं नंतर बघू. आधी मुलीला घेऊन दवाखान्यात जा, आणि आजच जा. सीपीआर या आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा किंवा घराजवळच्या सरकारी दवाखान्यात. रस्त्यावरून आणलेलं, एकही लस न झालेलं पिल्लू आहे, आणि त्याची नखं कातडीला लागली आहेत. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो असा आपल्याकडे समज आहे, पण तो मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसालाही होतो. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगावर इलाज उरत नाही. त्याआधी लस घेतली तर मात्र तो टळतो. ओरखड्यातून रक्त आलं होतं का, हे डॉक्टरांना नीट सांगा, कारण रक्त आलं असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं. पिल्लू दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस घ्यायचे की थांबवायचे, तेही त्यांनाच ठरवू द्या.

आणि हळद लावणं बंद करा. हळद, चुना, मिरचीची पूड, असलं काहीही जखमेत भरायचं नाही. नळाखाली हात धरायचा आणि साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुवायचा. पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, हात आखडतो, मुलं कुरकुरतात. तरीही तेवढा वेळ धुवायचाच.

आता त्या गेलेल्या पिल्लाकडे येते. सासूबाईंचा प्रश्न, तुमची भीती आणि मुलीच्या मनातली बोच, तिन्हींचं उत्तर तिथेच आहे.

माझं माहेर शिवाजी पेठेतलं. आमच्याही जुन्या घराच्या माळ्यावर मांजरी वीत. चार-पाच पिल्लं व्हायची, डोळे उघडायची, जिन्यावरून गडगडत खाली यायची, आणि मग एखाद्या आठवड्यात एकेक करून दिसेनाशी व्हायची. आजी म्हणायची, "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, नेली असतील कुठंतरी." आम्हाला ते खरं वाटायचं. एका उन्हाळ्यात मात्र मी स्वतः माळ्यावर चढले तेव्हा तिघं तिथेच निपचित पडलेली होती आणि चौथं पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेलं होतं. त्याला पाणी प्यायचं होतं, पण पिता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेही गेलं. घरात म्हणाले, दृष्ट लागली. त्या रोगाला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं.

त्याला पॅनल्युकोपेनिया म्हणतात. कुत्र्यांमधल्या पार्व्होचा हा भाऊबंद. हा विषाणू शरीरात जिथे पेशी भराभर वाढत असतात तिथेच घुसतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरात आणि हाडांतल्या मगजात. आतडं सोलवटून निघतं आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होणंच थांबतं. लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत संपतं. तुम्ही लिहिलेली लक्षणं हुबेहूब हीच आहेत. सासूबाईंच्या वाड्यात दहा मांजरं होती हे खरंच असणार. पण आपल्या लहानपणी आपण जगलेली मांजरं मोजली, गेलेली कुणी मोजलीच नाहीत. त्यांना हे सांगताना वाद घालू नका. फक्त विचारा, "आई, तुमच्याकडं एका वेताची किती पिल्लं मोठी व्हायची?" त्यांना आठवेल.

या विषाणूचा आणखी एक वाईट गुण आहे. तो घरात टिकून राहतो, अगदी वर्षभरसुद्धा. फरशीच्या सांध्यात, टोपलीत, गोधडीत, पायपुसण्यात. तुमचं पिल्लू दिवाळीत गेलं आणि आता श्रावण आहे, म्हणजे वर्ष अजून भरलेलं नाही. तेव्हा जुन्या पिल्लाची टोपली, कापड, खाण्याची प्लॅस्टिकची ताटली अजून ठेवली असेल तर टाकून द्या. माया वाटत असली तरी टाका. मग फरशी आधी साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुवा आणि त्यानंतर ब्लीचच्या पाण्यानं पुसा. कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग. हे पाणी फरशीवर दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या आणि पूर्ण वाळेपर्यंत पिल्लू दुसऱ्या खोलीत ठेवा. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका, संडास धुवायचं ॲसिड तर मुळीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. धुण्याआधीच ब्लीच ओतून उपयोग नाही, घाणीत त्याची ताकद वाया जाते.

आणि फिनेल घरातून काढा. आपल्याकडे सकाळी फिनेलच्या वासाशिवाय घर पुसल्यासारखं वाटत नाही, मला माहीत आहे. पण या विषाणूवर त्याचा भरवसा धरता येत नाही आणि मांजराला मात्र ते बाधतं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशकही तसंच. ही रसायनं पचवून बाहेर टाकायची जी सोय आपल्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. ते ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. याच कारणानं तापाची पॅरासिटामोलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनं मोठं मांजरही दगावू शकतं.

आता लसीबद्दल. एका जागी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण "एक डोस झाला की झालं" असं समजून पहिल्या डोसनंतर निर्धास्त होणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

म्हैस व्याली की पहिल्या दिवसांतल्या चिकाचा खरवस आपण करतो. मांजरीलाही तसाच चीक असतो. जन्मल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू तो पितं आणि आईच्या अंगातली रोगाशी लढणारी ताकद त्याला उसनी मिळते. ही उसनी ताकद आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत कधीतरी ओसरते. कुणाची लवकर ओसरते, कुणाची उशिरा. ती अंगात असेपर्यंत ती लसीलाच शत्रू समजून निकामी करते, आणि ओसरल्यावर पिल्लू उघडं पडतं. नेमका तो दिवस बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून एकच लस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा द्यायची आणि सोळा आठवडे उलटेपर्यंत देत राहायची. म्हणजे ज्या दिवशी दार उघडं पडेल, त्याच्या आसपास आपला एक डोस पोचलेला असेल. शेवटचा डोस हा कंटाळा करायचा डोस नाही. सगळ्यात खात्रीचा डोस तोच असतो.

तुमची भाटी दोन महिन्यांची असेल तर पहिला डोस आत्ताच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिला एका टोपात बसवून वजन करा. पिल्लू नीट पोसलेलं असेल तर महिन्याला साधारण अर्धा किलो भरतं, म्हणजे किलोच्या आसपास आली तर दोन महिन्यांची. अर्थात रंकाळ्यावर उपाशी राहिलेलं पिल्लू वयाच्या मानानं हलकंच भरेल, तेव्हा खरा अंदाज डॉक्टर दात बघूनच सांगतील. ही लस पॅनल्युकोपेनिया आणि मांजरांची सर्दी करणारे दोन विषाणू अशा तिघांवर एकत्र असते, म्हणून दवाखान्यात तिला ट्रायकॅट म्हणतात. रेबीजची लस वेगळी, ती बारा आठवडे पूर्ण झाल्यावर. वर्षभरानं दोन्हींचा बूस्टर, आणि पुढे रेबीज दर वर्षी. मांजर घराबाहेर जात नाही म्हणून लस नको, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पॅनल्युकोपेनिया तुमच्या चपलेच्या तळव्याला चिकटून दुसऱ्या मजल्यावर येतो.

एक मात्र आहे. जुलाब होत असलेल्या, मलूल पिल्लाला लस देत नाहीत. म्हणजे आधी पोट सावरायला हवं, आणि तिथे गाठ दुधाशी आहे.

गंगावेशीत पहाटे कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं धारोष्ण दूध ज्यानं प्यायलंय, त्याला दूध वाईट असतं हे कसं पटावं? सासूबाईंना ते पटणार नाही, आणि त्यांची मायाही खोटी नाही. त्यांना असं सांगा, की दूध वाईट नाही, हिच्या पोटाला ते पेलत नाही. आईचं दूध सुटायला लागलं की दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य मांजराच्या पोटात कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात आंबते, आणि जुलाब सुरू होतात. त्यात म्हशीच्या दुधाची चरबी. दूध आजपासून बंद करा. प्यायला साधं पाणी, पसरट भांड्यात, जेवणाच्या ताटलीपासून जरा लांब.

खायला पिल्लांसाठीचं तयार खाणं दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. पाकिटावर पिल्लांसाठी असं लिहिलेलं बघून घ्या, मोठ्या मांजराचं चालणार नाही. जोडीला उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन. दूधभात किंवा दुधात कुस्करलेली चपाती यांवर मांजर पोसलं जात नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे जातात आणि हृदय सुजतं. रविवारी घरात मटण शिजत असेल तर कांदा-लसूण पडायच्या आधी दोन तुकडे बिनमिठाचे बाजूला काढा. रस्सा तांबडा असो वा पांढरा, तिला बोटभरही नको. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो, शिजवलेला असो की मसाल्यात वाटलेला.

दूध थांबवूनही दोन दिवसांत फरक पडला नाही तर जंत असतील. रस्त्यावरच्या पिल्लात ते असतातच असं धरून चला. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून ते डॉक्टरांकडूनच घ्या. पण उलटी सुरू झाली, किंवा दोन वेळचं खाणं टाकलं, तर दोन दिवस वाट बघू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा.

राहिला सोफा. इथे मला तुमच्या यजमानांशी थेट बोलायचं आहे, त्यांना एवढा भाग वाचून दाखवा.

भाऊ, नखं काढून घेणं म्हणजे केस कापण्यासारखं काही नाही. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. नख काढायचं तर ते हाड तोडावं लागतं, म्हणजे आपल्या दहाही बोटांची पेरं पहिल्या सांध्यापासून उडवण्यासारखं. पुढे जन्मभर चालताना दुखू शकतं, आणि ज्याला नखं नाहीत ते मांजर घाबरलं की चावतं. प्राण्याचा अवयव असा छाटून टाकणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्ह्यात धरलेलं आहे. ती सोफा तुमच्यावर राग धरून फाडत नाही. नखाचं वरचं जुनं टरफल तिला काढून टाकायचं असतं, झोपून उठल्यावर पाठ ताणायची असते, आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास लावून 'ही जागा माझी' असं सांगायचं असतं. पंधरा दिवसांपूर्वी ती पावसात एकटी होती. तुमच्या घरात तिनं स्वतःची म्हणून धरलेली ही पहिली जागा आहे.

ही सवय मोडता येत नाही, पण सोफ्यावरून दुसरीकडे वळवता येते. बाजारात स्क्रॅचिंग पोस्ट मिळतात, पण बरेचसे बुटके आणि हलके असतात. मांजर पूर्ण ताणून उभं राहतं तेवढी उंची हवी, म्हणजे तीन फूट तरी, आणि तिनं जोरानं ओढलं तरी खांब डुलता कामा नये. एकदा जरी अंगावर कलला तरी ती पुन्हा त्याकडे फिरकणार नाही. म्हणून तुम्हीच करा, एका रविवारचं काम आहे आणि लेकीलाही सोबत घ्या. वखारीतून चार इंच जाडीचा तीन फुटांचा लाकडी गोल खांब आणा. दीड फूट चौरस जाड प्लायवर तो खालून स्क्रूनं घट्ट बसवा आणि बूड जड व्हावं म्हणून प्लायखाली शहाबादी फरशीचा तुकडा चिकटवा. लक्ष्मीपुरीत दोरीच्या दुकानात घायपाताची दोरी मागा, नाही मिळाली तर काथ्याची. आठ मिलिमीटर जाडीची, साधारण चाळीस मीटर लागते. नायलॉनची नको, तिच्यात नखं अडकतात. खालून वर गुंडाळत जा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला टेकलेला हवा, अधूनमधून गोंद, आणि दोन्ही टोकांना खिळे पूर्ण आत ठोकलेले.

खांब ठेवायचा कुठे, यात बहुतेक घरं चुकतात. दिसायला बरा नाही म्हणून तो गॅलरीत जातो, आणि मांजर सोफ्यावरच राहतं. तिनं फाडलेल्या त्याच कोपऱ्याला खेटून तो उभा करा आणि सोफ्याच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, पंजाला चिकट लागलं की ती तिथून हटते. तिचे पंजे धरून खांबावर घासू नका, तिला धरलेलं आवडत नाही. खांबाजवळ सुतळीचा तुकडा वरखाली नाचवा, पकडायला जाईल आणि नखं आपोआप दोरीत रुततील. त्या क्षणी चिकनचा एक कण द्या. महिन्याभरानं खांब रोज थोडा थोडा सरकवत तुम्हाला हव्या त्या भिंतीशी न्या. दोरी पिंजून लोंबायला लागली तरी बदलायची घाई करू नका, तिला तो तसाच प्रिय असतो. ओरडणं, फटका, अंगावर पाणी, यातलं काहीही नको. त्यानं ती सोफ्याला नाही, तुम्हाला घाबरायला शिकेल.

नखांची टोकं मात्र दोन-तीन आठवड्यांनी कापत जा, झोपेत असताना, एका वेळी दोन-तीन. आत गुलाबी शीर दिसते, तिच्या बऱ्याच अलीकडे थांबायचं. मुलीचे ओरखडेही यानं कमी होतील. त्याहून महत्त्वाचं, हाताला खेळणं करू नका. आज गंमत वाटणारा तो खेळ सहा महिन्यांनी रक्त काढतो.

गॅलरीला जाळी लावून घ्या, दुसरा मजला आहे. आणि नसबंदीचं ऑपरेशन पाच-सहा महिन्यांची झाली की करून टाका. भाटी चार-पाच महिन्यांतही माजावर येऊ शकते आणि गाभण राहिली की नऊ आठवड्यांत घरात चार पिल्लं. शेवटच्या डोसच्या वेळीच डॉक्टरांशी तारीख बोलून ठेवा.

तुमच्या लेकीला माझ्याकडून एवढं सांगा. बाळा, तुझ्याकडून काही चुकलं नव्हतं. ते पिल्लू तुझ्याकडे आलं तेव्हाच रोग बहुधा त्याच्या अंगात शिरलेला होता, कारण लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत वेळ लागतो. त्या दिवसांत तू त्याला ऊब दिलीस, ते खेळलं. हिच्या वेळी आपल्याकडे लस आहे. दवाखान्यात तूच तिला घेऊन जा, पिशवीत नाही, झाकण असलेल्या टोपलीत. इंजेक्शननंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच थांबा. तोंड सुजलं किंवा उलटी झाली तर लगेच आत सांगा. त्या दिवशी ती जरा सुस्त राहील, एवढ्यानं घाबरू नकोस.

आणि लसीचं कार्ड करताना डॉक्टर आधी पिल्लाचं नावच विचारतील. तेव्हा आईकडे बघू नकोस, तूच सांग.